तिनाक एक

खुरीसवाडी
मंगळवार, २९ एप्रिल

मेल्विना,

तू माझा फोन उचलत नाहीस. तीन वर्षं झाली, मीही आता लावत नाही. म्हणून ही चिठ्ठी निलेशच्या हातून पाठवते आहे. आंब्याच्या पेट्या घेऊन त्याचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी घाट चढतो, तुझ्या दारावरूनच जातो. दुसऱ्या दिवशी परत येताना तो थांबेल, उत्तर त्याच्याकडे दे. बहीण म्हणून नको देऊस. गणिताची बाई म्हणून दे. रागवायचं ते मागाहून.

शेजारच्या सृष्टीला सुट्टीचा अभ्यास दिलाय, त्यातलं गणित आहे. एका पिंपात साठ बाटल्या भरतील एवढी दारू आहे. काजूचं एकदा गाळलेलं हुर्राक आणि दोनदा गाळलेली फेणी मिसळून केलेली. कडकपणा मोजायची काच, ग्राव, हुर्राकात सोडला तर चौदावर उभा राहतो, फेणीत सोडला तर विसावर. पिंपात सोडला तर एकोणीस दाखवतो. तर हुर्राकाच्या बाटल्या किती घातल्या आणि फेणीच्या किती?

मिसळायला मला कागद लागत नाही. चौदाचं आणि विसाचं घेऊन सतरा करून दे म्हटलं तर डोळे मिटून करीन. बाबांनी मला चौथीतून काढलं आणि भाटीपुढे जाळ घालायला बसवलं, तेव्हापासून तेच करते आहे. पण दुसऱ्याने मिसळलेलं उलट उकलायचं कसं ते मला येत नाही. ते तुझं. तू आठ वर्षांची असताना बाबांच्या मांडीवर बसून तोंडाने सांगायचीस आणि बाबा ग्राव वर धरून म्हणायचे, काच आणि माझां चेडू, दोघांचा एकच आकडा.

ग्राव तोच आहे अजून, बाबांचा. गाळायचं भांडं, भाण, नवीन आहे. जुनं भाण फोडायला अबकारी खात्याची माणसं आली तेव्हा त्यांच्या हातातला कागद तुझ्या अक्षरात होता. या भाटीवर एक दिवस माणूस मरेल, असं लिहिलं होतंस. चाळीस वर्षांत बाबांच्या हुर्राकाने कोणाचं डोकं दुखलं नाही. म्हणून रविवारची प्रार्थना सुटल्यावर मी तुला इगर्जीच्या पायरीवर सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. त्याचं मला वाईट वाटत नाही, उगाच खोटं कशाला लिहू?

माझ्या रॉयडनचं लग्न पंचवीस मेला आहे. पत्रिका पाठवली ती परत आली. नवरीकडचे गोव्याचे, गोंयकार आहेत, तीनशे माणूस. पेला नाकाशी नेऊनच कोणाच्या घरचं ते सांगणारे लोक.

सोबत एक बाटली हुर्राक आहे. तुला नाही, तुझ्या नवऱ्याला, इनासला. त्याच्या पाठीला चोळायला, आणि मग पोटाला. त्याने माझं काही वाईट केलेलं नाही.

मी शुद्ध लिहिते आहे ते बघ. मागे माझ्या पत्रातल्या 'तुका' आणि 'घराक' यांवर लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठवलं होतंस. तेव्हापासून तुला लिहायचं तर एकेक शब्द घासून पुसून लिहिते. तरी चूक दिसली तर गिळ.

एस्पेरांसा

शुक्रवार, २ मे

मेल्विना,

मिळालं. चौकटीचा कागद, वर क्ष, खाली य, आणि शेवटी दोन रेघा मारलेलं उत्तर: हुर्राक दहा, फेणी पन्नास. ना प्रिय, ना सप्रेम. आणि खाली ती ओळ, 'शाळेच्या पुस्तकात हुर्राक नसतं. हे पिंप कोणाचं?'

आमचं आहे. झालं समाधान?

आता मी सांगते ते ऐक. यंदा काजू फुलावर असताना अवकाळी पाऊस पडला, मोहोर करपला. बोंडू आले तेच मूठभर. साठ बाटल्या हुर्राक निघालं आणि दोनदा गाळून फेणी जेमतेम वीस. ती फेणी माझ्या पलंगाखाली आहे, बुचावर माझं मेण आहे. काल खाली वाकून तीनदा मोजली. वीसच्या वीस आहेत. मग तुझ्या उत्तरातली पन्नास बाटल्या फेणी पिंपात आली कुठून?

साठांतलं थोडं हुर्राक घरच्यासाठी चुलीकडच्या छोट्या कॅनात ठेवायचं आणि बाकीचं लग्नाच्या पिंपात, असं मी रॉयडनला सांगितलं होतं. दोन्ही त्याने भरली. मी चव घेतली नाही. त्याचं लग्न लागेपर्यंत थेंब तोंडात घालणार नाही असा नवस बोलले आहे. पिंप काठोकाठ भरलेलं बघून आधी बरं वाटलं. मग विचार आला, हे भरलं कसं? पातळ केलं असेल म्हणून ग्राव सोडला, तर एकोणीस. पातळ नाही, कडक.

रॉयडनला विचारलं. म्हणाला, "माय, तुका पिंप भरलेला होया होता मां? भरला. आता कित्याक खणतंस?"

मी म्हटलं, "नवरो झालंस म्हणून शिंगां फुटली काय रे?"

हसला आणि गाडीला किक मारून गेला. त्याला हसताना तू ओळखतेस. बापासारखाच, खरं बोलायचं नसलं की हसतो.

पिंपाचं तोंड मी कापडाने बांधून टाकलं आहे, बाबांची गाठ मारून. ती माझ्याशिवाय फक्त दाजीला सोडता येते.

दाजीवरून आठवलं. बोंडू तुडवायला अजून तोच येतो, सत्तरी झाली तरी. आज सकाळी अंगणात उभा राहून म्हणाला, "आज धुकां बरांच पडलांहा गो."

मे महिना, दहाची वेळ. उन्हाने खळ्यात पाय ठेववत नव्हता. म्हटलं, "दाजी, डोळे धू."

"धुतलंय," म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या बाजूच्या माडाकडे बघत राहिला.

तुला हे सांगायचं कारण नाही. लिहिलं गेलं.

एस्पेरांसा

मंगळवार, ६ मे

मेल्विना,

'फेणी नसेल तर तिसरी वस्तू आहे, फेणीपेक्षा कडक. काय ते शोध. दाजीला आजच डॉक्टरकडे ने.' एवढंच लिहिलंस. हुकूम सोडायची सवय गेली नाही तुझी.

नेलं. रविवारी मिस्सा सोडून नेलं. रिक्षात चढताना त्याला पायरी सापडेना. मी त्याचा पाय हाताने उचलून आत ठेवला. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, काय प्यायलात? मी म्हटलं, घरचं हुर्राक, दुसरं काही नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सारखा केला. दाजीला ठेवून घेतलंय.

घरी येऊन रॉयडनला पडवीत बसवलं आणि दाराला कडी घातली. अर्धा तास हसला. मग रडला. फर्निचरला पॉलिश मारणारा एक माणूस आहे, त्याच्याकडून पंधरा लिटरचा कॅन आणलेला. पॉलिशात घालायचं स्पिरिट. "स्पिरिट ता स्पिरिट, माय. ग्राव काय खोटां बोलता?"

ग्राव खोटं बोलत नाही. तो किती कडक ते सांगतो, काय कडक ते सांगत नाही. हे मला बाबांनी दहाव्या वर्षी सांगितलं होतं. मी रॉयडनला सांगितलं नव्हतं. ग्रावाचा आकडा वाचायला तेवढं शिकवलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. पिंप अर्धवट राहणार असं दिसल्यावर मीच त्याला म्हटलं होतं, "गोंयकार हसतले. कायतरी कर, माका पिंप भरलेला दिसाक होया." कायतरी कर, असंच म्हटलं. काय ते विचारलं नाही.

आता गणित. स्पिरिट किती घातलं ते तो नीट सांगतो आहे, मोजून घातलं म्हणतो: तीनात एक. पॉलिशवालाच म्हणाला होता, एवढ्याने कळत नाही. कॅन कुठे फेकला ते आठवत नाही म्हणतो, म्हणून त्या स्पिरिटाचा ग्राव मला सांगता येत नाही. तर साठ बाटल्यांत ते किती बाटल्या झालं? आणि दुसरं: त्यात किती पाणी, किंवा किती चांगलं हुर्राक घातलं की बाधणार नाही? पलंगाखालची वीस फेणी पण ओतायला तयार आहे. वरचं सगळं पंचवीस तारखेच्या आत करायला हवं.

उपदेश नको. तीनशे माणूस जेवायला बसणार आणि मी रिकामं पिंप दाखवू? त्याचे सासरे येऊन पिंपावर टिचकी मारून बघून गेलेत. आणि पोलिसांत गेलं तर मुलगा आत जाईल. तुला मूल नाही, तुला कळायचं नाही. आकडा दे.

एस्पेरांसा

शुक्रवार, ९ मे

मेल्विना,

'तुला मूल नाही' हे लिहायला नको होतं. टेम्पो गेल्यावर कळलं. झालं ते झालं.

तुझं उत्तर दोनदा वाचलं आणि मग सृष्टीकडून मोठ्याने वाचून घेतलं, नावं गाळून. 'तीनात एक, म्हणजे साठात वीस. विषात पाणी घालायचं गणित नसतं. पेलाभर पोटात गेलं तरी माणूस आंधळा होतो, मरतो. घरातलं सगळं ओतून टाक, सगळं. डॉक्टरला खरं सांग. आमची बाटली कुठली? अजून उघडलेली नाही.' आणि मागच्या बाजूला ते दुसरं: 'आलेलं उत्तर परत गणितात घालून बघावं. दोन्ही बाजू जमल्या तर खरं. याला ताळा म्हणतात. ताळा केला नाही तर ते उत्तर नव्हे, अंदाज.'

मी चौथी शिकले म्हणून ताळा मला ठाऊक नाही असं समजू नकोस. केला. कॅन पंधरा लिटरचा, म्हणजे वीस बाटल्या. पिंपात गेल्या वीस. बाहेर शून्य. मग हुर्राकाचा केला. मी गाळलं साठ. पिंपात तुझ्या हिशेबाने चाळीस, चुलीकडच्या कॅनात वीस. चाळीस आणि वीस साठ. दोन्हीकडून जमलं. मेल्विना, खरं सांगते, बाकी सगळं बिनसलेलं असताना दोन आकडे समोरासमोर येऊन जमले तर इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं. तुझी सगळी जिंदगी असं बरं वाटण्यात गेली असेल तर मला तुझा हेवा वाटतो.

पिंप ओतलं. काजूच्या बागेत खड्डा खणून मी आणि रॉयडनने ओतलं, वर माती, वर काटे. लग्नाला बियर आणू. हसू देत गोंयकार.

सगळं ओत म्हणतेस, पण सगळं कशाला? कॅनमधलं सगळं स्पिरिट पिंपात गेलं, पिंप खड्ड्यात गेलं. चुलीकडच्या कॅनातलं माझं आहे, मी जाळ घालून गाळलेलं. त्यात मी ग्रावसुद्धा सोडला नाही, आपल्याच पोराची जात कोणी विचारतं? तुझी बाटली मी त्याच कॅनमधून भरली, माझ्या हाताने, नरसाळं लावून. पिंपातली नाही. इनासला खुशाल दे. पाठ धरून बसला असेल बिचारा.

दाजीला आता काहीच दिसत नाही. काल भेटायला गेले तर माझा हात चाचपून म्हणाला, "कोण, एस्पेरांसा? दिवो पेटव गो." मी विचारलं, "दाजी, पिंपातला कितीसा घेतलंस? गाठ तूच सोडलंस मां?" तर शपथ घालतो.

"पिंपाक हात लावलंय नाय. देवाशपथ. चुलीकडचाच, रोजचो घोटभर."

खोटारडा. आंधळा झाला तरी खोटं सोडत नाही. गाठ सोडून परत तशीच बांधायला त्यालाच येते. चिडून मी त्याच्या उशाशी ठेवलेली पेज तशीच ठेवून निघून आले.

डॉक्टरला अजून सांगितलेलं नाही. सांगीन. लग्न होऊ दे.

एस्पेरांसा

रविवार, ११ मे, सकाळ

मेल्विना,

काल संध्याकाळी निलेशने तुझं पत्र दिलं. पहिला शब्द वाचला आणि पत्र मांडीवर ठेवून दिलं. 'बाय.' लहानपणची हाक, तीन वर्षांनी. पुढे लिहिलंस की ताळा दोन्हीकडून जमला हे वाचून तुला बाबांची आठवण आली, लग्नाला येईन म्हणालीस. आणि इनासने बाटली शुक्रवारीच उघडली, पाठीला नावापुरतं लावलं आणि बाकीचं पोटात घालतो आहे, एस्पेरांसाच्या हातची सर कशाला नाही म्हणतो.

हे पत्र टेम्पोने जाणार नाही. टेम्पो मंगळवारी. एसटी साडेदहाला आहे, मीच येते. तोवर हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहिते, आणि समोर उभी राहिले की माझ्या तोंडून हे निघणार नाही म्हणूनही लिहिते. तू माझा नंबर अडवलायस. इनासचा बंद सांगतो. सृष्टीच्या फोनवरून तुला लावला, वाजून वाजून थांबला. परत लावते आहे.

दाजी काल दुपारी गेला. त्याच्या घरच्यांनी लाकडं मागितली, म्हणून आज उजाडताच मी घरामागच्या मांगरातली लाकडं काढायला गेले. लाकडांच्या मागे पांढरा कॅन होता. रॉयडनला आठवत नव्हता तो. तळाला पेलाभर राहिलं होतं. वास घेतला नाही. ग्राव आणला आणि सोडला. चौतीस.

आता चौतीस कळलं तर तुझा ताळा पुरता करू म्हटलं. खळ्यात बसले. चाळीस बाटल्या चौदाच्या, पाचशे साठ. वीस बाटल्या चौतीसच्या, सहाशे ऐंशी. मिळून बाराशे चाळीस. आणि पिंप साठ बाटल्यांचं, एकोणीसचं, म्हणजे अकराशे चाळीस. शंभर जास्त. पुन्हा केलं. शंभर जास्तच. मला वाटलं माझे पाढे चुकले. तू चुकणार नाहीस.

मग काजूबिया घेतल्या. साठ बिया मांडल्या, सगळ्या हुर्राकाच्या. साठ चौदा आठशे चाळीस. हवेत अकराशे चाळीस. तीनशे कमी. एक हुर्राकाची बी उचलून तिथे स्पिरिटाची ठेवली की वीस वाढतात. ठेवत गेले. एक, दोन, तीन. पंधराव्या बीला तीनशे भरले.

पंधरा, मेल्विना. वीस नव्हे. तुझं क्ष आणि य मला येत नाही, पण बिया खोटं बोलत नाहीत.

रॉयडन उठून दात घाशीत आला. मी विचारलं, "स्पिरिट कितक्या घातलंस?"

"सांगितलंय मां. तिनाक एक."

"तीनात एक."

"तिनात नाय गो माय. तिनाक. तीन बाटले हुर्राकाक एक स्पिरिट."

तो पहिल्यापासून तिनाक म्हणत होता. मीच तुला लिहिताना घासून पुसून शुद्ध केलं. 'घराक' चुकीचं तर 'तिनाक'सुद्धा चुकीचं असणार, म्हणून शेवटचा क काढून त ठेवला. मला वाटलं शाळेत असंच म्हणत असतील. तीनाला एक म्हणजे चार बाटल्यांत एक. तीनात एक म्हणजे तीन बाटल्यांत एक. आयुष्यभर मिसळते आहे मी. हाताला फरक माहीत आहे. कागदावर उतरताना हरवला. आणि तू या वेळी लाल खूण केली नाहीस. कशी करणार? शब्द शुद्ध होता.

मी त्याला विचारलं, "वीस बाटले स्पिरिट होता. पिंपात पंधरा गेले. पाच खंय?"

ब्रश तोंडात तसाच. "चुलीकडच्या कॅनात. थंयसर पण तिनाक एक. पंधरा हुर्राकाक पाच. घरात आणि पिंपात चव वेगळी लागली तर तुका कळला असता."

"आणि गप ऱ्हवलंस? दाजी आंधळो झालो तरी?"

"तू पिंपाचाच इचारलंस, माय."

चुलीकडे गेले आणि त्या कॅनात ग्राव सोडला. माझ्या कॅनात. एकोणीसवर उभा राहिला.

दाजीने पिंपाला हात लावला नव्हता. त्या कॅनमधलं दोघांच्याच घरी गेलं, दाजीच्या आणि तुझ्या.

पोलीसपाटलाला बोलावून कॅन, ग्राव आणि रॉयडन, तिन्ही त्याच्या ताब्यात दिले आहेत. रॉयडन रडत नव्हता, हसतही नव्हता. नवरीच्या घरी फोन मी नाही केला, पाटील करतील. खळ्यात बिया तशाच मांडलेल्या आहेत, पंधरा वेगळ्या. पाटील म्हणाले हात लावू नका.

सृष्टीच्या फोनवरून परत लावला. वाजतो आहे. उचल. एकदा उचल आणि शिव्या दे.

गाडीची वेळ झाली.

फोंडाघाट
त्याच दिवशी, दुपारी

मेलू,

दाराला कुलूप आहे. तुझ्या शेजारची नर्मदा आली आणि म्हणाली, "तुमी मास्तरणीची भयण मां? सकाळीच गाडी करून गेली गो कोल्हापुराक, इनासांका घेवन."

मी विचारलं, चालत गेला का?

"हात धरून. दारात उभे ऱ्हवले आणि म्हणाक लागले, लाईट लावा, लाईट कित्याक घालवलास? ऊन ह्या एवढा होता."

गाडीवाल्याचा नंबर तिच्याकडे होता. लावला. मी त्याला म्हटलं, डॉक्टराक सांग, हुर्राक नाय, पॉलिशचो स्पिरिट आसा, चार बाटल्यांत एक बाटली, आताच्या आता सांग. त्याने मला परत म्हणून दाखवायला लावलं आणि मग मागे कोणाला तरी सांगितलं. मागून तुझा आवाज आला. काय म्हणालीस ते कळलं नाही. फोन मध्येच तुटला. फोन घरीच विसरून गेलीस तू. नर्मदेच्या फोनवरून लावला की आत वाजतो, बाहेर उभं राहिलं की ऐकू येतो. परत लावला तरी आतच वाजतो.

कोल्हापूरची गाडी चारला आहे. मी पायरीवर बसून हे लिहिते आणि दाराखालून सरकवते. मी तिथे पोचेनच. पण समजा माझ्याआधी तू परत आलीस, आणि तू एकटीच परत आलीस, तर दार उघडल्यावर पहिल्यांदा हे वाच आणि मग माझं जे करायचं ते कर. इगर्जीच्या पायरीवर कर, सगळ्यांसमोर. मी गाल फिरवणार नाही.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. गजांतून ओट्यावर माझी बाटली दिसते, शेजारी पेला, पालथा घातलेला, धुतलेला. गजांना डोकं लावून मी बराच वेळ बघितलं आणि बाटलीत किती उरलं ते बोटं धरून मापलं. चुकू नये म्हणून दोनदा मापलं.

तीनात एक उरली आहे. या वेळी शब्द बरोबर आहे, मेलू. तीनातच.

एस्पेरांसा